'थोडे' आणि 'थोडेच'

नोकरीच्या एखाद्या अर्जात उमेदवाराने 'आय हॅव लिटल एक्स्पीरियन्स' असे वाक्य लिहिले आहे, अशी कल्पना करा. त्याला सांगायचे आहे की, या कामाचा मला थोडासा अनुभव आहे, मी अगदीच कोरा नाही. अर्ज वाचणाऱ्या साहेबाला इंग्रजी नीट येत असेल, तर तो या वाक्याचा अर्थ लावतो तो असा : मला या कामाचा अनुभव जवळजवळ नाहीच. शब्द चुकलेला नाही, स्पेलिंग चुकलेले नाही, क्रियापद जागच्या जागी आहे. 'लिटल'च्या आधी एक 'अ' घालायचा तेवढा राहिला आणि स्वतःची शिफारस करायला बसलेल्या माणसाने स्वतःविरुद्धच साक्ष देऊन टाकली.

'फ्यू' या शब्दाची तीच कथा. 'फ्यू पीपल केम टु द मीटिंग' हे सभा फसलेल्या चिटणिसाचे रडगाणे आहे. 'अ फ्यू पीपल केम' हे त्याच चिटणिसाचे समाधान आहे : चला, काही माणसे तरी आली! गंमत अशी की, दोन्ही सभांना मोजून बाराच माणसे आलेली असू शकतात. आकडा बदललेला नाही, आकड्याकडे पाहण्याची नजर बदलली आहे. पहिला चिटणीस रिकाम्या खुर्च्या मोजतो, दुसरा भरलेल्या.

आपल्याकडे या चुकीचे खापर एका ठरावीक कारणावर फोडले जाते. मराठीत उपपदे नाहीत, त्यामुळे मराठी माणसाला 'अ', 'ॲन', 'द' कळत नाहीत, असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. उपपद नावाचा शब्द मराठीत नाही, हे कबूल. परंतु ज्या कामासाठी इंग्रजी माणूस परिमाणवाचक शब्दांपुढे उपपद लावतो, ते काम मराठीला करावेच लागत नाही, असे कोण म्हणेल? 'रांजणात थोडे पाणी आहे' आणि 'रांजणात थोडेच पाणी आहे' ही दोन वाक्ये कोणत्याही घरातल्या पाच वर्षांच्या पोराला वेगळी कळतात. पहिले ऐकून तो पेला बुडवतो, दुसरे ऐकून आईकडे पाहतो. 'थोडे पाणी' म्हणजे 'अ लिटल वॉटर', 'थोडेच पाणी' म्हणजे 'लिटल वॉटर'. इंग्रजीत एक अक्षर काढले की जे होते, ते मराठीत एक अक्षर जोडले की होते. हिशेब फक्त उलटा आहे आणि नेमकी तिथेच आपली फसगत होते. आपल्याला वाटते, काही न जोडलेला शब्द म्हणजे साधा, निरुपद्रवी शब्द. मराठीत तसेच असते. इंग्रजीत मात्र उघडा 'फ्यू' आणि उघडा 'लिटल' हेच तक्रारखोर आहेत.

हा 'थोडेच' पुढे कुठवर जातो, तेही पाहण्यासारखे आहे. 'तो थोडाच येणार आहे!' असे आपण म्हणतो तेव्हा तो येणार नाही, हे नक्की असते. 'थोडा' या शब्दातला उरलासुरला थेंबही तिथे आटून गेलेला असतो. इंग्रजीतही 'लिटल डिड ही नो' म्हणजे त्याला थोडे ठाऊक होते असे नव्हे, काहीच ठाऊक नव्हते. दोन भाषा एकमेकींपासून हजारो मैलांवर वाढल्या, तरी 'थोडेच'वरून 'मुळीच नाही'कडे जाण्याची वाट दोघींना सापडली. उलट बाजूही अशीच जुळते. 'नॉट अ फ्यू' म्हणजे पुष्कळ, आपण 'थोडीथोडकी माणसे नव्हती' म्हणतो तसे. 'क्वाइट अ फ्यू' म्हणजेही पुष्कळ. त्यात 'नाही' कुठेच नसल्याने आपला विद्यार्थी हमखास फसतो आणि 'अगदी थोडे' असे भाषांतर करून मोकळा होतो. इथे मात्र त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ते इंग्रजांचे खास तिरके बोलणे आहे आणि पाठ करण्यावाचून त्याला इलाज नाही.

मग शाळेत उपपदे शिकवतात ती कशी? तर स्वरांच्या हिशेबाने. पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की 'ॲन', नाही तर 'अ'. हुशार शिक्षक असेल तर 'ॲन अवर' आणि 'अ युनिव्हर्सिटी' हे अपवाद सांगतो, तेही उच्चाराकडे बोट दाखवून. मग गाळलेल्या जागा भरा. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकलेल्या पिढ्या झाल्या, रेन आणि मार्टिनचे तांबड्या पुठ्ठ्याचे व्याकरण छातीशी धरणाऱ्या पिढ्या झाल्या. (या जोडीतला रेन म्हणजे 'बो जेस्त' ही १९२४ सालची गाजलेली कादंबरी लिहिणारा पी. सी. रेन. तो आपल्या मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता, हे आज फार कोणाला आठवत नाही.) २००० सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आले. पण 'अ'ची ओळख अजूनही मुख्यतः उच्चाराच्या सोयीचा शब्द अशीच होते. तो मोजणीचा शब्द आहे, हे मुलाच्या कानावर पडतच नाही.

वास्तविक तो जन्माने मोजणीचाच आहे. जुन्या इंग्रजीत 'एक' या अर्थाचा 'आन' हा शब्द होता. जोर देऊन उच्चारला गेला तेव्हा त्याचा आजचा 'वन' झाला आणि घाईघाईत, बिनजोराने उच्चारला गेला तेव्हा 'ॲन'. म्हणजे 'वन' आणि 'ॲन' ही सख्खी भावंडे. पुढे व्यंजनापूर्वी 'ॲन'मधला न गळाला आणि 'अ' उरला. आपण शिकवतो, 'अ'ला स्वरापूर्वी न लागतो. इतिहास सांगतो, न मुळातच होता आणि व्यंजनापूर्वी तो पडला. हा न इतका चंचल की, कधी कधी तो शेजारच्या शब्दातूनही पळाला. स्वयंपाकघरातल्या 'एप्रन'चे मूळ रूप 'नॅप्रन' होते. 'अ नॅप्रन' म्हणता म्हणता लोकांना ते 'ॲन एप्रन' असे ऐकू आले आणि न उपपदाकडे गेला तो गेलाच. त्याच कुळातल्या 'नॅपकिन'चा न मात्र शाबूत राहिला.

तर 'अ' म्हणजे मुळात 'एक'. इथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील की, मग 'अ फ्यू पीपल'मध्ये हा 'एक' अनेक माणसांच्या पुढे काय करतो? प्रश्न रास्त आहे आणि त्याच्या उत्तरातच सगळी मेख आहे. हा 'अ' माणसांपुढे लागत नाही, त्यांच्या गठ्ठ्यापुढे लागतो. सुटी सुटी चार-पाच माणसे घेऊन तो त्यांची मोट बांधतो : हा बघा एक लहानसा घोळका. घोळका बांधला गेला म्हणजे तो आहे, अस्तित्वात आहे. म्हणून 'अ फ्यू'मध्ये होकार येतो. मोट बांधलीच नाही तर नुसता 'फ्यू' उरतो, म्हणजे कमीपणा तेवढा उरतो. इंग्रजी वर्तमानपत्रांत 'ॲन एस्टिमेटेड टेन थाउजंड पीपल' अशी वाक्यरचना नेहमी दिसते. दहा हजार माणसे आणि पुढे 'ॲन'! व्याकरण कच्चे असलेल्या वाचकाला ही छपाईची चूक वाटते. ती चूक नव्हे. अंदाज एक आहे आणि दहा हजारांची मोट त्या अंदाजात बांधली आहे. 'अ गुड टेन इयर्स' म्हणजे चांगली दहा वर्षे, तिथेही तेच.

ही मोट एकदा ध्यानात आली की 'अ डझन', 'अ हंड्रेड', 'अ लॉट', 'अ कपल', 'अ नंबर' हे सगळे एका माळेचे मणी दिसू लागतात. ही सगळी मापे आहेत, गठ्ठे आहेत. गठ्ठा हा एक असतो, म्हणून त्याला 'अ' लागतो. आपल्याकडचा माणूस 'हंड्रेड रुपीज' असे बिनदिक्कत म्हणतो, कारण मराठीत 'शंभर' हा शब्द स्वयंभू आहे. 'एक शंभर' असे कोणी म्हणत नाही. हजाराच्या बाबतीत मात्र आपल्याकडेही दोन प्रकार आहेत. मित्राकडे आपण 'हजार रुपये उसने दे' म्हणतो आणि धनादेशावर 'एक हजार फक्त' लिहितो. इंग्रज अगदी याच चालीने पहिल्या ठिकाणी 'अ थाउजंड' आणि दुसऱ्या ठिकाणी 'वन थाउजंड' म्हणतो. एकात मोघमपणा आहे, दुसऱ्यात मोजून दिल्याची खूण आहे.

मोघम मोटेसाठी तर मराठीत इतकी साधने आहेत की इंग्रजाने हेवा करावा. डझनभर आंबे, वाटीभर डाळ, मूठभर दाणे, तासभर गप्पा. हा 'भर' म्हणजे शब्दाच्या मागे लागलेला 'अ'च की! 'अ डझन मँगोज', 'अ हँडफुल', 'ॲन अवर'. पुन्हा 'दहाएक माणसे', 'पन्नासेक रुपये' यांतला 'एक' पाहा. दहा माणसे म्हटले की दहाच, दहाएक म्हटले की नऊही चालतील आणि बाराही. संख्येच्या मागे 'एक' चिकटवून तिची धार बोथट करण्याची ही युक्ती इंग्रजीत दहा-वीस या आकड्यांना लावता येत नाही, तिथे 'अबाउट' किंवा 'ऑर सो'ची मदत घ्यावी लागते. आणि 'एखादा'? 'एखादा रुमाल आण' यातला एखादा हा 'वन' नव्हे, तो निखळ 'अ' आहे. इंग्रजीचे उपपद शब्दाच्या पुढे चालते, आपले बहुतेक वेळा शब्दाच्या मागून येते. काम तेच.

अपूर्णांकांकडे वळले की मात्र आपली श्रीमंतीच आपल्या मुळावर येते. आपल्याजवळ पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे एकेका शब्दात पक्के झालेले अपूर्णांक आहेत. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकीही मुलांकडून म्हणून घेत. अशा माणसाला 'दीड तास' हा एका घासाचा शब्द. त्याचे इंग्रजी करताना त्याला घास तोडावा लागतो, आणि तोडताना मधले उपपद सांडते : 'वन अँड हाफ अवर'. इंग्रज म्हणणार 'वन अँड अ हाफ अवर्स', नाही तर 'ॲन अवर अँड अ हाफ'. का? तर अर्धा हाही एक तुकडा आहे, आणि तुकडा म्हटला की एक आला. 'दीड' या शब्दात ते तुकडे इतके विरघळले आहेत की आपल्याला ते दिसतच नाहीत. आपण 'दीड महिना' असे एकवचनात म्हणतो आणि अडीच झाले की 'महिने' करतो. इंग्रज एकाच्या वर कणभर गेले की अनेकवचनाला हात घालतो. 'अर्धा तास' म्हणताना तर उपपदाची जागाच हलते. 'हाफ ॲन अवर' म्हणजे 'एका तासाचा अर्धा'. आधी अख्खा तास मोजायचा, मग त्याचा अर्धा घ्यायचा. 'हाफ अ किलो', 'हाफ अ डझन' तसेच. अमेरिकन लोक 'अ हाफ अवर' असेही म्हणतात आणि अर्ध्या तासालाच एक घट्ट वस्तू करून टाकतात. आपल्या 'अर्धा तास'ला खरे तर तेच जवळचे.

औषधाच्या बाटलीवरच्या 'ट्वाइस अ डे'मधला 'अ' मात्र वेगळ्या घरातला आहे. तो 'एक' नव्हेच. जुन्या इंग्रजीतल्या 'ऑन' या शब्दयोगी अव्ययाचे ते झिजलेले रूप आहे आणि दिसायला सारखे म्हणून लोकांनी त्याला उपपदांच्या पंगतीत बसवले. आपण 'दिवसातून दोनदा' म्हणतो, त्यातला 'तून' हा त्याचा खरा भाऊ.

आता 'द'कडे. परिमाणाच्या शब्दांबरोबर 'द' आला की समजावे, बोलणाऱ्याने साठ्याभोवती कुंपण घातले आहे. कोणते, किती, हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक आहे किंवा एकूण एक धरायचे आहेत. याचे सर्वांत सोपे उदाहरण 'अ नंबर ऑफ' आणि 'द नंबर ऑफ' यांचे. पहिल्याचा अर्थ 'बरेच', आणि क्रियापद अनेकवचनी. दुसऱ्याचा अर्थ 'संख्या', आणि क्रियापद एकवचनी. 'अ नंबर ऑफ विहिरी आटल्या आहेत' आणि 'द नंबर ऑफ विहिरी घटली आहे', अशी धेडगुजरी वाक्ये करून मुलाला सांगितली तर तो जन्मात विसरणार नाही. सरकारी अहवालांच्या इंग्रजीत या दोघांची जी सरमिसळ आढळते, ती पाहता मुलांपेक्षा मोठ्यांनाच हा धडा आधी द्यावा असे वाटते.

दुसरी नित्याची चूक 'मोस्ट ऑफ पीपल' आणि 'सम ऑफ स्टुडंट्स' ही. त्यावरचा उपाय मराठीतच आहे आणि तो शाळेत का सांगत नाहीत, हे कोडे आहे. 'काही विद्यार्थी' म्हणायचे असेल तर 'सम स्टुडंट्स'. 'विद्यार्थ्यांपैकी काही' म्हणायचे असेल तर 'सम ऑफ द स्टुडंट्स'. मराठीत 'पैकी' तोंडात आला की इंग्रजीत 'ऑफ'च्या पाठोपाठ 'द' किंवा 'माय', 'दीज' असा कोणी तरी हवाच. कारण 'पैकी' म्हणताना कशापैकी, हे ठरलेले असते. न ठरलेल्या ढिगातून 'पैकी' काढता येत नाही.

एकूण एक दाखवायला मराठीत आणखी एक सुरेख प्रत्यय आहे, 'ही'. 'त्याचे तीन मुलगे आले' म्हटले तर घरी चौथाही असू शकतो. 'तिन्ही मुलगे आले' म्हटले की घरी कोणी उरले नाही. दोन्ही, तिन्ही, चारी, पाची यांतला 'ही' म्हणजे कुंपण घालणारा 'द'. 'थ्री सन्स' आणि 'द थ्री सन्स' यांत फरक आहे तो हाच. आणि 'द' कधी कधी नुसते कुंपण घालून थांबत नाही, आतल्या माणसांना ओट्यावरही चढवतो. १९४० साली ब्रिटनच्या आकाशात जर्मन विमानांशी झुंजलेल्या सुमारे तीन हजार वैमानिकांविषयी चर्चिलने २० ऑगस्टला पार्लमेंटात भाषण केले. इतक्या थोड्यांचे इतक्या जणांवर केवढे ऋण झाले, असा त्याचा आशय. चर्चिलच्या त्या वाक्यात 'फ्यू' होता, पण 'द' नव्हता. तो लोकांनी नंतर लावला. तेव्हापासून त्या वैमानिकांना 'द फ्यू' म्हणतात. 'फ्यू' म्हणजे अपुरे, 'अ फ्यू' म्हणजे काही, आणि 'द फ्यू' म्हणजे ते मोजके, ज्यांची नावे दगडावर कोरतात.

यावर कोणी म्हणेल, हा सगळा शब्दांचा कीस झाला. 'अ' राहिला किंवा 'द' राहिला, तरी समोरच्याला कळायचे ते कळतेच. बाजारात कळते, हे खरे. पण जिथे शब्दावर सही होते तिथे काय होते, हे पाहायचे असेल तर दोन प्रकरणे जवळून पाहावी लागतील.

पहिले १९६७चे. त्या वर्षीच्या जूनमधल्या सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने सिनाई, गाझा, जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा, पूर्व जेरुसलेम आणि गोलन टेकड्या व्यापल्या. २२ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने २४२ क्रमांकाचा ठराव पंधराही सदस्यांच्या संमतीने मंजूर केला. मसुदा ब्रिटनचे प्रतिनिधी लॉर्ड कॅरडन यांचा. युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायली फौजांची माघार, असे त्यातले कळीचे कलम. इंग्रजीत तिथे 'फ्रॉम टेरिटरीज' असे आहे. 'फ्रॉम द टेरिटरीज' नाही, 'फ्रॉम ऑल द टेरिटरीज' तर नाहीच. इस्रायलने आणि अमेरिकेच्या मुत्सद्द्यांनी अर्थ लावला की, 'द' मुद्दाम गाळला आहे, म्हणून सगळ्या प्रदेशांतून माघार घेण्याचे बंधन नाही, किती ते वाटाघाटींत ठरेल. अरब देश म्हणाले, प्रदेश म्हणजे प्रदेश, एकूण एक. शिवाय युद्धाने भूमी मिळवणे अमान्य आहे, असे ठरावाच्या प्रस्तावनेतच म्हटले आहे.

भारत त्या वर्षी सुरक्षा समितीचा सदस्य होता. आपल्या प्रतिनिधीने मतदानापूर्वीच नोंदवून ठेवले की, हा ठराव सर्व प्रदेशांतून संपूर्ण माघारीचे तत्त्व मान्य करतो, असे समजूनच आम्ही मत देत आहोत. त्यावर कॅरडन यांचे उत्तर मुरब्बी होते. प्रत्येकाने आपापले म्हणणे मांडावे, बांधून घेईल तो फक्त ठरावाचा मजकूर, असा त्याचा मथितार्थ. फ्रेंच प्रतीत आणखीच तिढा. फ्रेंचमध्ये नामाआधी काही तरी लावल्याशिवाय भागत नाही. तिथे 'दे तेरितुआर' असे आले आणि ते स्वाभाविकपणे 'त्या प्रदेशांतून' असेच वाचले जाते.

निव्वळ व्याकरणाच्या अंगाने पाहिले तर दोन्ही पक्षांना थोडी थोडी जागा आहे. उपपद नसलेले अनेकवचन कधी 'काही' असा अर्थ देते, कधी 'सर्व'. 'मुलांनी विहिरींजवळ खेळू नये' अशी पाटी लावली तर त्यातून काही विहिरी सुटत नाहीत. पण 'मी विहिरींतून पाणी काढले' म्हटले तर गावातल्या सर्व विहिरी उपसल्या, असेही होत नाही. म्हणजे मसुदा मोघम झाला तो अडाणीपणाने नव्हे. तो मोघम होता म्हणूनच पंधरा हात वर झाले. 'द' घातला असता तर कदाचित एका बाजूने हात खाली ठेवले असते. त्या गाळलेल्या शब्दाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न वेगळा. सिनाई पुढे १९७९च्या तहाप्रमाणे, १९८२पर्यंत, इजिप्तला परत मिळाला. पश्चिम किनाऱ्याचा आणि गोलनचा वाद मिटलेला नाही, आणि २४२ क्रमांकाच्या ठरावाचा अर्थ लावणारे लेख अजून लिहिले जातात. या कलमाचे मराठी भाषांतर करायला बसणाऱ्याची तर आणखी पंचाईत. 'व्यापलेल्या प्रदेशांतून' असे लिहिले की 'द' होता की नव्हता, हा भांडणाचा मूळ मुद्दाच नाहीसा होतो.

दुसरे प्रकरण अलीकडचे, आणि त्यात राष्ट्रे नाहीत, एक साधा माणूस आहे. अगुस्तो नीझ-चावेझ हा ग्वाटेमालाहून २००५ साली कागदपत्रांशिवाय अमेरिकेत आला आणि तिथेच राहिला. २०१३ साली सरकारने त्याला देशाबाहेर घालवण्याची कारवाई सुरू केली. अमेरिकेत १९९६चा एक कायदा आहे. त्यानुसार अशा माणसाने सलग दहा वर्षे देशात काढली असतील आणि इतर अटी पुऱ्या केल्या असतील, तर त्याला हद्दपारी रद्द करण्यासाठी विनंती करता येते. मात्र सुनावणीला हजर राहण्याची नोटीस मिळाली की वर्षांचे घड्याळ थांबते. या नोटिशीत काय काय हवे, हे कायद्यात लिहिले आहे : आरोप, सुनावणीची वेळ, ठिकाण वगैरे. नीझ-चावेझला आधी एक कागद मिळाला, त्यात आरोप होते, वेळ आणि ठिकाण नव्हते. दोन महिन्यांनी दुसरा कागद आला, त्यात वेळ आणि ठिकाण होते. सरकारचे म्हणणे, दोन्ही मिळून नोटीस पुरी झाली, घड्याळ २०१३ साली थांबले, म्हणजे आठच वर्षे भरली. त्याच्या वकिलांचे म्हणणे, कायद्यात शब्द आहेत 'अ नोटीस टु अपिअर'. 'अ' म्हणजे एक. एक नोटीस, दोन अर्धे कागद नव्हेत.

'अ' या एका अक्षरावर खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २९ एप्रिल २०२१ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला, तो नीझ-चावेझच्या बाजूने. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती गोरसच यांनी लिहिला. त्यात त्यांनी दोन्ही प्रकारचे व्यवहार पुढे ठेवले आहेत. लेखकाने प्रकाशकाला 'अ मॅन्युस्क्रिप्ट' द्यायचे कबूल केले तर प्रकरणे एकेक करून दिली तरी चालण्यासारखे आहे. पण ज्याने 'अ कार' विकत घेण्याचा करार केला, तो आज सांगाडा, पुढच्या आठवड्यात चाके आणि मग इंजिन, अशी मोटार घेणार नाही. म्हणजे 'अ'ची मोट हप्त्याहप्त्याने बांधता येते की नाही, हे पुढच्या नामावर आणि आजूबाजूच्या मजकुरावर ठरणार, आणि या कायद्यातला मजकूर एकाच कागदाकडे बोट दाखवतो, असे बहुमताला वाटले. न्यायमूर्ती कॅव्हॅनॉ यांच्या विरोधी मतात सरन्यायाधीश रॉबर्ट्स आणि न्यायमूर्ती अलिटो सामील होते. दोन कागदांतून मिळूनही माणसाला सगळी माहिती कळलीच होती, मग हा अट्टहास कशाला, असा त्यांचा सूर.

या मतभेदात भाषा शिकवणाऱ्याला रस वाटावा असे एक आहे. बहुमताच्या बाजूला नेहमी एकमेकांविरुद्ध जाणारे न्यायमूर्ती एकत्र बसले होते. उजव्या विचारांचे गोरसच, थॉमस आणि बॅरेट, आणि उदारमतवादी ब्रायर, सोटोमायोर आणि केगन. राजकारणाने ज्यांना कधी फारसे जवळ आणले नाही, ते 'अ' म्हणजे एक, एवढ्यावर जुळले. सरकारला सगळी माहिती एका कागदावर आणणे भाग पडले. नीझ-चावेझला त्या निकालाने अमेरिकेत राहण्याचा परवाना दिला नाही. त्याचे घड्याळ २०१३ साली थांबले नव्हते, एवढेच ठरले, आणि अर्ज करण्याची वाट मोकळी झाली.